चांद्याच्या जंगलातला शिकारीचा बेत

शंभर वर्षांपूर्वी चांदा जिल्ह्यात वाघाच्या शिकारीला जायचं ठरलं, की बंदूक पुसण्याच्या आधी अर्ज लिहायला बसावं लागे. अर्ज वनाधिकाऱ्याकडे जायचा. १८७८च्या भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलात शिकार करणं, मासे मारणं, पाण्यात विष कालवणं, फासे लावणं हे सगळं सरकारी नियमांखाली आणलं होतं. मध्य प्रांतात राखीव जंगलाचे शिकारीसाठी तुकडे पाडलेले असत. त्यांना ब्लॉक म्हणत. एक ब्लॉक एका वेळी एकाच मंडळीला, ठरावीक मुदतीपुरता मिळायचा. कोणतं जनावर मारता येईल आणि किती, हे परवान्यावर लिहिलेलं असे. १९१२च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्यानं बंदीचे महिने ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. बंदुकीचा परवाना वेगळा. तो त्याच १८७८ सालच्या शस्त्र कायद्याखाली. युरोपियनांना मात्र त्यातून बराच काळ सूट होती.

शिकारीच्या इंग्रजी आठवणी वाचताना हा सगळा कारभार दिसत नाही, कारण लेखक थेट मचाणावर चढतो. गोळी कशी झाडली याला चार पानं आणि ती झाडण्याजोगी वेळ कशी आली याला चार ओळी, असा त्या पुस्तकांचा सर्वसाधारण हिशेब असतो. मध्य प्रांतात वनाधिकारी असलेल्या डनबार ब्रँडरचं १९२३चं पुस्तक याला बऱ्यापैकी अपवाद आहे. त्यात जनावरांच्या सवयींना बढाईपेक्षा जास्त जागा मिळाली आहे. आपल्याला इथे गोळीच्या आधीचंच बघायचं आहे. रानात वाघ शोधायचा, तो नेमका कुठे झोपला आहे हे ओळखायचं आणि त्यानं आपल्या मर्जीच्या वाटेनं यावं अशी व्यवस्था करायची, यातच खरी शिकार होती.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. या मुलखात जंगलाला मालक तीन प्रकारचे होते. राखीव जंगल सरकारचं, गावालगतचं बरंचसं मालगुजारांचं आणि पूर्वेकडचे मोठे पट्टे जमीनदारांचे. जमीनदाऱ्यांत सर्वांत मोठी अहेरीची, आत्राम घराण्याची. सरकारी ब्लॉकचा परवाना खिशात असला तरी पलीकडच्या जमीनदारीत तो चालत नसे. तिथे जमीनदाराची मर्जी लागायची. त्यामुळे बेत आखताना नकाशावर पहिल्यांदा हद्दी बघाव्या लागत. जखमी वाघ नाला ओलांडून दुसऱ्याच्या रानात शिरला तर काय, हा प्रश्न गोळी झाडण्याच्या आधी सुटलेला बरा.

वैनगंगेच्या अलीकडचं रान आणि पलीकडचं रान ही दोन वेगळ्या तऱ्हेची कामं होती. अलीकडे ताडोबा, मोहर्ली, चिमूरच्या बुटक्या टेकड्या, साग-बांबू-ऐनाचं जंगल आणि मधूनमधून गोंडकाळापासूनची तळी. तिथवर रेल्वे पोचली होती. वर्धा-वरोरा फाटा कोळशामुळे १८७०च्या दशकातच आला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गोंदियाहून वडसा-नागभीडमार्गे चांदा फोर्टला छोट्या रुळांची गाडी धावू लागली. नदीपलीकडे टिपागड, सुरजागड, भामरागडचे डोंगर आणि शेवटी इंद्रावती. तिकडे बैलबंडी, नाहीतर पाय. तंबू, पीठ, कुनैन, काडतुसं, मीठ सगळं बंड्यांवर लादून दिवसाला चार-सहा कोस कापायचे. आजही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच आहे, वडसा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटतं. त्या काळी कसला पूल आणि कसलं काय! रानम्हशीच्या मोहानं तरीही काही साहेब तिथवर पोचत. महाराष्ट्रात आज रानम्हशींचा ठावठिकाणा उरला आहे तो सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्का भागात. २०१३ साली तो संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला.

हंगाम मात्र दोन्हीकडे एकच, चैत्र-वैशाख. वाचणाऱ्याला नवल वाटेल. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण कारण सरळ आहे. पावसाळ्यानंतर गवत पुरुषभर वाढलेलं असतं आणि पाणी ओढ्याओढ्याला. वाघ कुठेही असू शकतो आणि दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमाराला हिवतापाचा जोर. फाल्गुनात पानगळ होते, वणव्यांनी गवत जळतं, नाले आटतात आणि कोसभर रानात पाण्याचे दोन-तीन डोह उरतात. पोटभर खाल्लेला वाघ उन्हाळ्यात पाण्यापासून लांब जात नाही. जांभळाच्या नाहीतर बांबूच्या दाट सावलीत, नाल्याच्या ओलसर वाळूत पडून राहतो. म्हणजे उन्हाळा अर्धी शिकार आपल्यासाठी करून ठेवतो. यात एक अडचण होती, ती आजही आहे. मोहफुलं वेचायची आणि तेंदूपानं तोडायची वेळही हीच. गावं रानात असतात तेव्हाच बंदुकाही रानात.

मुक्काम पडला, की साहेबाचं काम थांबायचं आणि गावच्या शिकाऱ्याचं सुरू व्हायचं. हा बहुतेक गोंड असे. पहाटे तो नाल्याच्या वाळूतून चालत जाई आणि ठसे वाचत परत येई. मागच्या पंजाचा ठसा पुढच्यावर कसा पडला आहे, बोटं लांबट आहेत की गोल, ठशाची कड अजून धारदार आहे की वाऱ्यानं ढासळली आहे, रात्री फिरणाऱ्या किड्यांची रेघ ठशाच्या वरून गेली आहे की खालून, यावरून नर की मादी आणि रात्री केव्हा गेला हे तो सांगे. मग ठरायचं बोदे कुठे बांधायचे. बोदा म्हणजे म्हशीचं नर वासरू. वाघाच्या नेहमीच्या वाटांवर, दोन नाल्यांच्या संगमावर, पाण्याच्या जवळ पण उघड्यावर नाही, असे चार-सहा बोदे संध्याकाळी खुंट्यांना बांधत. त्यांना चारा-पाणी ठेवायचं आणि रोज उजाडताना प्रत्येकाची खबर घ्यायची. किती तरी दिवस काहीच घडत नसे. परवान्याची मुदत अशीच संपायची आणि बोदे मजेत धष्टपुष्ट होऊन परत जायचे.

एखाद्या पहाटे बोदा मेलेला मिळे. वाघानं मारलेलं जनावर म्हणजे गारा. दोर मजबूत नसला तर गारा ओढून नेलेला असे, आणि वाघ तो जिथे ओढून नेतो ती जागा त्यानं आधीच पसंत केलेली असते. ओढल्याची खूण थोडी पाहायची, वाऱ्याची दिशा घ्यायची आणि पाय न वाजवता मागे फिरायचं. कावळे वर बसून खाली बघत असले पण उतरत नसले, तर वाघ अजून गाऱ्यावरच आहे. आता दुपारच्या आत माणसं गोळा झाली पाहिजेत.

इथे गावचा पाटील, कोतवाल आणि मालगुजार कामाला येत. हाक्याला, म्हणजे वाघाला उठवून मचाणाकडे हाकायला, पन्नासपासून दीडशेपर्यंत माणसं लागत. मजुरी काही आण्यांची. जमीनदारी मुलखात पुष्कळदा तीही नाही, बेगारच. ढोल, डफ, पत्र्याचे डबे, कुऱ्हाडी घेऊन ती जमत, आणि शिकाऱ्याचा पहिला कस लागे तो त्यांना गप्प ठेवण्यात. दीडशे माणसांचा जमाव अर्धा कोस वळसा घालून, वाघाच्या मागे, विडीसुद्धा न पेटवता नेऊन उभा करायचा!

बंदूक त्याआधीच झाडावर चढलेली असे. मचाण म्हणजे बहुधा दोरीनं विणलेली बाज, उलटी करून फांद्यांना बांधलेली, चौदा-पंधरा फूट उंच, पुढे हिरवे डहाळे खोवलेले. कुऱ्हाडीनं फांद्या तोडायचा आवाज झाला तर सगळं मुसळ केरात, म्हणून मचाण लांबून तयार करून आणत आणि झाडावर नुसतं बांधत. जागा कुठली? वाघाला उठवल्यावर तो ज्या वाटेनं स्वतःहून गेला असता, तीच. या वाटेबद्दल वाघाचं मत बदलता येत नाही. फार तर बाजूच्या वाटा त्याला आवडेनाशा करता येतात. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या झाडांवर थोड्या थोड्या अंतरावर एकेक माणूस बसवत. दोन्ही ओळी मचाणाकडे निमुळत्या होत जायच्या. वाघ बाजूनं सटकू पाहू लागला, की त्या माणसानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोडावर एक टकटक करायची. बस, तेवढंच. ओरडला तर वाघ बिथरून हाक्यावरच उलटायचा आणि एखाद्याचा जीव जायचा. वाघाला पळवायचं नसतं, त्याला नुसतं नकोसं वाटायला लावायचं असतं. हे गणित ज्याला कळलं तो शिकारी नामांकित होई.

इशारा झाला की हाका उठतो. सगळ्यांत आधी मोर निसटतात, मग रानकोंबड्या, वानरं फांद्यांवर खाकरतात. चितळाचा एखादा कळप मचाणाखालून जातो. त्यावर गोळी झाडायची नाही. हाका अजून लांब ऐकू येत असतो तेव्हाच वाघ येतो, चालत येतो, मधूनच थांबून मागे कान देतो. तो वर बघत नाही. समोरून येणाऱ्या वाघावर नेम धरू नये, त्याला मचाणाच्या पुढे जाऊ द्यावं, असा जुना दंडक होता, कारण समोरून गोळी लागून नुसता जखमी झालेला वाघ मागे, हाक्याकडे उलटू शकतो. आणि हाक्याची माणसं जमिनीवर असतात.

जखमी वाघ रानात गेला की शिकारीचा सगळ्यांत वाईट भाग सुरू होई. रक्त फेसाळ आणि फिकट लाल असलं तर गोळी फुफ्फुसात, काळपट असलं तर पोटात. पोटात लागलेला वाघ तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून घाई करायची नाही. काही ठिकाणी म्हशींचा कळप पुढे घालत. वास आला की म्हशी फुरफुरत एका जागी खिळतात. म्हशी नसल्या तर माग काढणारा पुढे चालायचा. त्याची नजर खाली पानांवर, रक्ताच्या थेंबांवर आणि दोन पावलं मागून बंदूकवाला समोर बघत. पुढच्याच्या हातात कुऱ्हाडीपलीकडे काही नसे. छायाचित्रात मात्र वाघाच्या डोक्यावर पाय ठेवून बंदूकवाला एकटा उभा राहतो. बाकीचे मागच्या रांगेत, नावाशिवाय. कातडं मिठात घालून म्हैसूरला, मारलेल्या जनावरांत पेंढा भरून देणाऱ्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यापर्यंत जाई. गावकऱ्यांना चरबी आणि जमलं तर नखं. मिशांवर साहेबाला पहारा ठेवावा लागे. त्या हां हां म्हणता नाहीशा व्हायच्या.

या मुलखात शिकारीचा दुसरा एक बेत याच्या किती तरी आधीपासून आखला जात होता. भामरागड आणि त्यापलीकडच्या बस्तरात माडिया गोंडांची पारध गावानं मिळून करायची असते. बस्तरच्या माडियांवर डब्ल्यू. व्ही. ग्रिगसननं १९३८ साली ग्रंथ लिहिला. बी पेरण्याआधीचा बिजा पंडुम हा सण आणि गावाची पारध यांचा संबंध तिथे जुना आहे. पारधीचा दिवस गाव ठरवतं, मान गायता आणि पेरमा या गावच्या मानकऱ्यांचा, रान कुणी कुठून उठवायचं हे जाणती माणसं सांगतात. हत्यार तीर-कामठा, कुऱ्हाड, जाळी आणि एखाद्याकडे तोंडातून दारू ठासायची भरमार. शिकार वाटली जाते. ज्याचा बाण लागला त्याचा वाटा मानाचा, पण नुसत्या ओरडणाऱ्या पोरालाही मांस मिळतं. साहेबाच्या हाक्यात आणि या पारधीत तंत्र जवळपास एकच. फरक इतकाच, की पहिल्याला परवाना होता आणि दुसरीला गुन्ह्याचं कलम. राखीव जंगलात फासा लावणारा माडिया आणि त्याच जंगलात ब्लॉक घेतलेला कर्नल, एकच कायदा दोघांना दोन बाजूंनी ओळखत होता.

भामरागडजवळच्या हेमलकशाची हकिगत मराठी वाचकाला पाठ आहे. १९७३ साली तिथे गेलेल्या प्रकाश आमट्यांना मारलेली माकडीण घेऊन चाललेले माडिया भेटले, तिला बिलगलेलं पिल्लू त्यांनी मागून घेतलं आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून सांगतो. मला ती भुकेची वाटते. ज्या घरात वर्षाचे काही महिने धान्य पुरत नाही, त्या घराची शिकार ही पेज आणि कंदमुळांच्या शेजारची वस्तू आहे, भिंतीवरच्या मुंडक्यांच्या शेजारची नव्हे.

परवान्याची शिकार संपली तीही एका दिवसात नव्हे. ताडोब्यात १९३५ साली शिकारबंदी झाली आणि १९५५ साली सुमारे ११६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र राज्यापेक्षाही जुनं आहे. तेव्हा चांदा मध्य प्रदेशात होता. उद्यानाबाहेर मात्र शिकार जोरात होती, उलट स्वातंत्र्यानंतर तिला डॉलरचा भाव आला. नागपुरातून अ‍ॅल्विन कूपर नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांच्या शिकारी सफरी जुळवून देई. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल हे त्या धंद्यातले. परवाना, तंबू, जीप, बर्फ, बोदे, हाका सगळं कंपनी बघणार, पाहुण्यानं विमानातून उतरावं आणि चाप ओढावा. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरीही त्या कायद्यात काही जनावरांसाठी शिकारीच्या परवान्याची कलमं होती. ती गेली १९९१च्या दुरुस्तीनं. माडियांच्या पारधीला २००६च्या वनहक्क कायद्यातही जागा मिळाली नाही. त्यानं रूढीनं चालत आलेले हक्क मान्य केले आणि त्याच वाक्यात शिकारीचा हक्क वगळला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो बांबूवर, मोहावर, तेंदूवर, सशावर नाही.

एवढं सगळं झाल्यावर शिकारीच्या बेताचं जुनं शास्त्र कालबाह्य झालं असेल असं कुणालाही वाटेल. पण गेल्या काही वर्षांत ते सर्वांत जास्त वापरलं जातं ते याच दोन जिल्ह्यांत, आणि वापरतं वनखातं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले, ते ताडोब्याच्या बाहेर ब्रह्मपुरीच्या शेतीजंगलात आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पसरले. २०२१-२२मध्ये सीटी-१ या नावानं नोंदलेल्या वाघानं गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं मारली. १३ ऑक्टोबर २०२२ला वडसा वनविभागात तो बेशुद्ध करून पकडला गेला आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेला गेला.

अशा मोहिमेचा आराखडा पाहिला तर जुना शिकारी त्यात सहज मिसळून जाईल. मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश पाहिजे, आणि वाघ पकडता येत नाही अशी खात्री पटल्याशिवाय मारण्याचा आदेश त्यालाही देता येत नाही. मग वाघ तोच आहे ना हे ठरवायचं. पूर्वी हे काम वाळूतल्या ठशांवर भागत असे, आता कॅमेरा ट्रॅपमधल्या पट्ट्यांवर. वाटा, पाणवठे, गारा, मचाण सगळं तेच. बदललं आहे ते अंतर. रायफलची गोळी शंभर यार्डांवरून चालायची. औषध भरलेला डार्ट मारायला वीस-तीस मीटरवर यावं लागतं, आणि तो लागल्यावरही वाघ लगेच पडत नाही. पाच-दहा मिनिटं तो चालतो, तेवढ्यात नाल्यात उतरला तर पाण्यात बुडून मरेल, झुडपात शिरला तर सापडणार नाही. म्हणजे पुन्हा माग काढणारा पुढे आणि मागे बंदूकवाला. पडल्यावर डोळ्यांवर फडकं, अंगावर पाणी, श्वास मोजणारा पशुवैद्य आणि औषधाचा असर उतरवणारं इंजेक्शन तयार. पहिल्यापेक्षा हे काम अवघड आहे यात मला शंका नाही, कारण इथे चुकलेल्या नेमाचं उत्तर दुसरी गोळी हे नसतं.

जुन्या बेतात एक गोष्ट सोपी होती. हाका ज्या दिवशी, त्या दिवशी गावातली माणसं हाक्यातच असत. रानात दुसरं कुणी नसे. आज मोहीम महिनोन्‌महिने चालते आणि वनरक्षक गावोगाव सांगत फिरतात, रानात जाऊ नका, गेलात तर जमावानं जा, उजाडल्यावर जा. मोहफूल पहाटे गळतं. उशिरा गेलं तर ते दुसऱ्यानं वेचलेलं असतं किंवा हरणांनी खाल्लेलं. तेंदूचं पान झुडपाचं, कमरेच्या खालचं. सत्तर पानांचा एक पुडा, अशा पुड्यांवर हिशेब होतो आणि हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पान तोडणारी बाई वाकलेली असते आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं या भागातले वनकर्मचारी सांगतात. तिला तीन आठवडे घरी बसवायचं तर तिच्या वर्षाच्या रोख पैशाची तजवीज आधी करावी लागेल. वाघ पकडण्याच्या आदेशात त्यासाठी रकाना नसतो.